शेवाळाला जेवू कोण घालतं?

रविवारी घासून लख्ख केलेली कारंज्याची टाकी पुढच्या शुक्रवारी पुन्हा हिरवीगार झाली होती, आणि ती कशी झाली हे ढिकल्यांच्या घरात कुणालाही सांगता येत नव्हतं.

कावेरीनं टाकीच्या कठड्यावर पालथं पडून पाण्यात हात घातला. मनगटापर्यंत हात दिसला, पुढची बोटं गायब. तिच्या शेजारी भोपळ्या ब्रश घेऊन उभा होता. भोपळ्या म्हणजे घरातला यंत्रमानव. पोट गोल आणि रंग केशरी, त्यामुळे खोक्यावर छापून आलेलं त्याचं लांबलचक नाव पहिल्याच दिवशी सगळे विसरले होते.

"मी कडा घासल्या, तळ घासला, कारंज्याची तोटीसुद्धा घासली," भोपळ्या म्हणाला. "आता काय घासू?"

"आता माझं डोकं घास."

"ते माझ्या कामात बसत नाही, कावेरीताई."

एरवी कावेरी हसली असती. आज ती पाण्यातून नजर काढेना, कारण त्या हिरव्या पाण्यात कुठेतरी सात मासे होते आणि तिला त्यातले दोनच दिसत होते.

हे मासे तिचे नव्हते, गावाचे होते. गावाबाहेरचा ओढा चार वर्षांपूर्वी इतका हिरवा नि घाण झाला, की त्यातले मासे उलटे होऊन वर यायला लागले. तेव्हा शाळेतल्या गांगुर्डेबाईंनी मुलांना हाताशी धरून जगलेवाचलेले सगळे मासे बादल्यांमध्ये गोळा केले आणि ज्यांच्या परसात हौद किंवा टाकी होती त्यांच्या घरी वाटून दिले. अंगठ्याएवढा मासा, अंगावर काळा आडवा पट्टा. मुलं त्यांना 'पट्टेवाले' म्हणत. ओढा साफ झाला की पट्टेवाले परत ओढ्यात सोडायचे, असं ठरलं होतं. ओढा आता साफ होत आला होता, येत्या पावसाळ्यात सोडायचा बेत होता. पण दरम्यान कुणाकडचे मासे बगळ्यानं उचलले, कुणाकडचे मांजरानं, कुणाकडचे उन्हाळ्यानं नेले. राहिले ते फक्त कावेरीच्या कारंज्यातले सात. ते गेले तर ओढ्यात सोडायला काहीच उरणार नव्हतं, आणि गेले कुणाच्या घरी, तर कावेरीच्या. रात्री अंथरुणात ही गोष्ट मनात आली की तिला झोप लागत नसे.

बरं, कारणं सांगणारे काही कमी नव्हते. आई म्हणाली, "ऊन फार पडतंय." भोपळ्या म्हणाला, "ब्रश मऊ आहे." शेजारचे रायतेकाका, ज्यांचा द्राक्षाचा मळा ओढ्याला लागून होता, ते कुंपणावरून डोकावून म्हणाले, "पोरी, एवढं काय रडतीस? आमच्याकडं मोरचूद हाय. वेलीवर बुरशी आली की तेच मारतो आम्ही. चिमूटभर टाक, दोन दिसात शेवाळाचा नायनाट." आणि त्यांनी निळ्या खड्यांची एक पुडी खरंच तिच्या हातावर ठेवली.

कावेरीनं पुडी घेतली, पण टाकायचा धीर झाला नाही. तिनं ती कपाटावर उंच ठेवली आणि तिच्या परीनं जे करता येण्यासारखं होतं ते चालू ठेवलं. देवघरातल्या महादेवाच्या पिंडीवर ती दर सोमवारी पळीभर दूध घालत असे. पाणी हिरवं व्हायला लागल्यापासून तिनं सोमवारची वाट बघणं सोडलं होतं. ती रोज अभिषेक करत होती. पळीची वाटी झाली होती. "माझे पट्टेवाले जगव," एवढंच तिचं मागणं होतं. देवावरून उतरलेलं पाणी पायदळी येऊ नये, ही घरची रीत. पूर्वी ते तुळशीला जायचं, पण जास्त पाण्यानं तुळशीची मुळं कुजली. तेव्हापासून ती ते मोठ्या भक्तीनं कारंज्यात सोडत असे.

त्याच संध्याकाळी आबा घरी आले.

आबा म्हणजे कावेरीचे आजोबा, डॉ. भास्कर ढिकले. चंद्रावरच्या वस्तीत त्यांनी अकरा वर्षं काढली होती, आणि तिथं त्यांचं काम काय होतं, तर शेवाळ वाढवणं. परसातलं हे कारंजंही त्यांनीच बांधलं होतं. चंद्रावर पाणी नळ्यांमधून फिरतं, त्याचा आवाज कधी कानावर येत नाही. परत आल्यावर आबांनी आधी कारंजं बांधलं, मग घराला रंग दिला. आता डोळ्यांची शस्त्रक्रिया करून ते नाशिकहून परतले होते आणि डोळ्यांवर जाड काळा चष्मा होता.

"मला सगळं जग चहासारखं दिसतंय," कठड्यावर बसत ते म्हणाले. "महिनाभर असंच चालायचं. तेव्हा माझे डोळे तू. काय दिसतंय ते सांग."

कावेरीनं सगळं सांगितलं आणि शेवटी मोरचुदाची पुडी त्यांच्या हातात दिली. "टाकू का, आबा? खरं सांगा. या रविवारी नाही, पुढच्या रविवारी बाई मासे बघायला येणार आहेत."

आबांनी पुडी चाचपली आणि सरळ सदऱ्याच्या खिशात घातली. "मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. शेवाळ मरेल, यात शंका नाही. पण मासेही त्यानं मरतात. आणि समज, मासे वाचले, तर मेलेलं शेवाळ कुठं जाईल?"

"तळाशी."

"तिथं ते कुजणार. कुजवणारे जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे अगदी लहान जीव) पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. एवढं सगळं शेवाळ एकदम कुजलं, तर माशांना श्वासाला काय राहील? आगीतून उठून फुफाट्यात."

कावेरीनं त्यांच्या खिशाकडे पाहिलं. ती पुडी काढायला ती दोनदा कपाटापर्यंत जाऊन परत आली होती.

"शेवाळाचं बी कुठून येतं, आबा? आम्ही तर एक धागासुद्धा ठेवत नाही."

"वाऱ्यातून येतं, पाखरांच्या पायांतून येतं, भोपळ्याच्या ब्रशातूनही येतं. बी अडवायला जाऊ नको, जन्म जाईल. तुला चंद्रावरची एक गोष्ट सांगतो." आबांनी पाय वर घेतले. "तिथं आमच्या काचेच्या नळ्यांत शेवाळ वाढायचं. शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतं (म्हणजे उजेड, पाणी आणि आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन स्वतःचं अन्न बनवतं) आणि त्यातून ऑक्सिजन बाहेर टाकतं. तो आम्ही श्वासात घ्यायचो. एकदा काय झालं, नळ्या पिवळ्या पडायला लागल्या. दिवे तपासले, ठीक. पाणी ठीक, ऊब ठीक. माणसं हळू बोलायला लागली, जिने चढेनात. मीसुद्धा घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. शेवटी कळलं, की खताच्या पाण्याची झडप अडकली होती. नुसता उजेड खाऊन कुणाचं पोट भरतं? शेवाळाला नायट्रोजन लागतो, फॉस्फरस लागतो. यांना पोषकद्रव्यं म्हणतात (वाढीसाठी लागणारे अन्नातले घटक). झडप सोडवली, मूठभर खत गेलं, आणि आठवड्यात नळ्या हिरव्या. तिथं उपाशी होतं म्हणून शेवाळ मरत होतं. आणि इथं?"

"इथं मरत नाही," कावेरी हळूहळू म्हणाली. "म्हणजे इथं त्याला कुणीतरी जेवू घालतंय."

"बरोबर. आता कोण, ते शोधायचं. भोपळ्याचं घासणं म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

"मला म्हैस दिसत नाही," भोपळ्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लोणच्याच्या चार रिकाम्या काचेच्या बरण्या धुवून परसात मांडल्या गेल्या. पहिल्या बरणीत टाकीतलं हिरवं पाणी, उन्हात. दुसरीत तेच पाणी, पण बरणी अंधाऱ्या कपाटात. तिसरीत नळाचं स्वच्छ पाणी आणि बियाण्यापुरता शेवाळाचा एक धागा, उन्हात. चौथी तिसरीसारखीच, पण तिच्यात माशांच्या खाण्याची चिमूट.

"उजेड आणि अन्न, दोन्ही असलं तरच शेवाळ माजतं, हे माझं म्हणणं," आबा म्हणाले. "ते खरं असेल तर दुसरी बरणी फिकी पडेल, आणि तिसरी स्वच्छ राहील. तिसरीवर लक्ष ठेव. तिच्यावर सगळं आहे."

कावेरीनं ते फारच मनावर घेतलं. आबांचं म्हणणं खरं ठरलं तर मासे वाचतील, म्हणजे तिसरी बरणी स्वच्छ राहिलीच पाहिजे. पूजा झाल्यावर तिनं देवावरचं थोडं तीर्थ कुणाला न सांगता तिसऱ्या बरणीत घातलं, आणि नमस्कार केला. रोज थोडं थोडं घालत राहिली. उरलेलं नेहमीप्रमाणे कारंज्यात.

मधेच एक पहाट अशी उगवली, की बरण्यांची आठवणही कुणाला राहिली नाही.

भोपळ्यानं कावेरीला हलवून उठवलं. "मासे वर आले आहेत. तोंड उघडत आहेत."

ती अनवाणी परसात धावली. पाण्याच्या अगदी वर, हिरव्या सायीत, सातही पट्टेवाले तोंड बाहेर काढून हवा गिळत होते. एक जण तिरका झाला होता. कारंजं बंद होतं. ते सूर्यफलकावर चालायचं, आणि सूर्य अजून उगवायचा होता.

"आबा," कावेरीनं हाक मारली. "आबा, या ना."

आबा भिंत धरत आले. "शेवाळही श्वास घेतं, पोरी. दिवसा ते ऑक्सिजन देतं, पण उजेड गेला की देणं बंद आणि घेणं चालू. रात्रभर सगळ्यांनी मिळून पाण्यातला ऑक्सिजन संपवलाय. पहाटे सगळ्यात कमी असतो. पाणी उडालं पाहिजे, हवेत मिसळलं पाहिजे. कारंजं आत्ता चालू झालं पाहिजे."

"वीज कुठून आणू?"

"माझ्याकडे आहे," भोपळ्या म्हणाला. त्यानं पोटावरचं झाकण उघडलं. "पंपाला पुरेल. मला मात्र थांबावं लागेल."

"सूर्य वर आला की तुला परत भरू," आबा म्हणाले.

"ते मला माहीत आहे. कावेरीताईंना सांगा, त्या रडत आहेत."

वायर जोडली गेली. भोपळ्याचे डोळे मालवले, ब्रश धरलेला हात तसाच वर राहिला, आणि कारंजं उसळलं. कावेरी तांब्या भरभरून पाणी उंचावरून टाकीत ओतत राहिली. दंड भरून आले तरी थांबली नाही. तिरका झालेला मासा कितीतरी वेळ तिरकाच होता. मग ऊन भिंतीवर आलं, आणि तो हळूच सरळ होऊन इतरांच्या मागे खाली गेला. कावेरीच्या जिवात जीव आला, पण पुरता नाही. उद्या पहाट पुन्हा होणारच होती.

त्या दिवसापासून भोपळ्याची बॅटरी रात्री कारंज्याला आणि दिवसा भोपळ्याला, अशी वाटणी झाली. आणि त्या दिवसापासून कावेरीनं अभिषेकाचं दूध आणखी वाढवलं.

बाई यायच्या आदल्या दिवशी आबा बरण्यांपाशी बसले. "सांग. पहिली?"

"हिरवी."

"दुसरी, कपाटातली?"

"फिकी. धागे खाली बसलेत."

"चौथी, खाण्याची चिमूट टाकलेली?"

"हिरवी झाली."

"आणि तिसरी? स्वच्छ?"

कावेरीनं तिसरी बरणी उजेडात धरली. तिला तिच्यातून आबांचा चेहरा दिसत नव्हता. "तिसरी सगळ्यात हिरवी आहे, आबा."

 आबांनी चष्मा सावरला. "नळाचं स्वच्छ पाणी, आत अन्न नाही, तरी हिरवं. म्हणजे माझं म्हणणं चुकलं. चुकलं तर चुकलं, विज्ञानात त्याची लाज नसते. पण आता माशांना इथं ठेवणं बरं नाही. उद्या बाईंना सांगू, शहरातल्या प्रयोगशाळेच्या टाकीत पाठवा."

"ते तिथून परत येतील?"

"एवढा लांबचा प्रवास, इतके थकलेले मासे. मला सांगता येत नाही."

कावेरी बरणीकडे बघत राहिली. स्वच्छ पाणी, आत अन्न नाही. आत काहीच नाही, फक्त बी. आणि तीर्थ.  पिंडीवरून उतरणारी पांढरी धार तिच्या डोळ्यांपुढे आली. पळीची वाटी, वाटीची मोठी वाटी. मासे जितके आजारी, तितकं दूध जास्त. दूध जितकं जास्त, तितकं...

"आबा," ती म्हणाली, "तिसऱ्या बरणीत अन्न आहे. मी घातलंय."

तिनं सगळं सांगितलं, अगदी कारंज्यात रोज काय सोडत होती तेही. सांगताना ती रडली नाही. "म्हणजे मीच मारत होते त्यांना. देव रागावला असेल."

आबांनी तिला जवळ बसवलं. "दुधात नायट्रोजन आहे, फॉस्फरस आहे. वासराचं हाड आणि अंग त्यावरच वाढतं. ते पाण्यात गेलं की जिवाणू कुजवतात, त्यात ऑक्सिजन जातो, आणि उरतं ते शेवाळाला पक्वान्न. एवढंच झालंय. देवाला दूध पोचलं, तुझं मागणंही पोचलं. देवावरून उतरल्यावर ते कुठं जातं, हे मात्र देवानं नाही, आपण बघायचं असतं. मीही घरात बसून चंद्र आठवत राहिलो, आणि तू रोज काय ओततेस हे विचारलं नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा."

"तुमचं म्हणणं चुकलं नव्हतं, मग."

"नव्हतं. पण तू बोलली नसतीस तर चुकलं म्हणून मासे पाठवले असते."

गांगुर्डेबाई दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा टाकी हिरवीच होती. कावेरीनं त्यांना चार बरण्या दाखवल्या आणि जे झालं ते तसंच सांगितलं. बाई तिसरी बरणी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "आषाढ लागेपर्यंत थांबते. पण तोवर एकही मासा पुन्हा वर आला, तर मी सगळे घेऊन जाईन."

मग घासणं बंद झालं आणि उपाशी ठेवणं सुरू झालं. आधी हाताला येईल तेवढं शेवाळ काठीवर गुंडाळून काढलं. सगळं पाणी एकदम बदललं तर माशांना सोसत नाही, म्हणून थोडं थोडं बदललं, आणि नवं पाणी आदल्या दिवशी उघड्या पिंपात भरून ठेवलं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. माशांचं खाणं चिमटीनं मोजून. कडेला कर्दळीचे कंद खडीच्या टोपल्यांत बसवले, मुळं पाण्यात. कर्दळ तेच नायट्रोजन नि फॉस्फरस खाते, त्यामुळे शेवाळाच्या ताटातला घास कमी होतो. मधोमध कुमुदाची दोन रोपं सोडली, त्यांच्या पानांची सावली पाण्यावर पडते. आणि अभिषेक पुन्हा सोमवारी, पळीभर. ते पाणी डाळिंबाच्या बुंध्याशी, जिथं कुणाचा पाय पडत नाही.

पहिले कितीतरी दिवस काहीच झालं नाही. कावेरी पहाटे उठून आधी पाण्याकडे बघायची आणि मग तोंड धुवायची. हिरवं, तसंच हिरवं. "तळाशी साठलेलं खाऊन संपवू दे त्याला," आबा म्हणायचे, पण त्यांचाही आवाज पूर्वीइतका ठाम नसायचा. एकदा तर ती डाळिंबापाशी वाटी घेऊन थबकली. कारंज्यात टाकावं का थोडं, जुन्या सवयीनं वाटलं. तिनं डोळे मिटून वाटी डाळिंबाला उपडी केली.

मग एका सकाळी भोपळ्यानं हाक मारली. "कावेरीताई, तळाशी एक नाणं पडलेलं आहे."

नाणं. तळाशी. दिसत होतं.

आबांचा काळा चष्मा तोवर सुटला होता. तेही येऊन बसले. पाणी काचेसारखं झालं नव्हतं, फिकट चहासारखं होतं, पण आरपार दिसत होतं. दगडांवर हिरव्या मखमलीचा पातळ थर राहिला होता. भोपळ्यानं सवयीनं ब्रश उचलला, आणि कावेरीनं त्याचा हात धरला. सातही पट्टेवाले त्या दगडांवर तोंड घासून ती मखमल चरत होते. आणि मोठ्या माशांच्या मागे, सुईच्या टोकाएवढं काहीतरी हललं. मग दुसरं. मग दगडाच्या खालून एक अख्खा पुंजका.

"पिल्लं," कावेरी कुजबुजली. मोठ्यानं बोललं तर नाहीशी होतील अशी तिला भीती वाटली.

"शेवाळ होतं म्हणून त्यांना लपायला जागा मिळाली," आबा म्हणाले. "आपल्याला ते मारायचं नव्हतंच. त्याचं जेवण बेताचं करायचं होतं."

कावेरी बराच वेळ बघत बसली. पावसाळा जवळ आला होता. ही सगळी लवकरच ओढ्यात जाणार होती.

"आबा, ओढा आधी हिरवा झाला होता ना? मग मासे मेले. त्याला जेवू कोण घालत होतं?"

आबांनी कुंपणापलीकडे पाहिलं. तिथं रायतेकाकांचा मळा होता, खताच्या गोण्या होत्या, आणि मळ्याच्या खाली ओढा. मळ्यापुढे गावातल्या मोऱ्यांचा नाला होता. "एकट्या कुणाचं नाव घ्यायला जाऊ नको," ते म्हणाले. "तुझ्यासारखंच असेल. कुणी वाईट मनानं नसेल घातलं."

"म्हणजे विचारलं तर सांगतील."

सोमवारी सकाळी कावेरीनं देवावरचं पाणी डाळिंबाला घातलं, बरण्या पिशवीत भरल्या आणि पिशवी भोपळ्याच्या हातात दिली. कुंपणावरून रायतेकाका डोकावले. "कुठं चालली गं, एवढ्या बरण्या घेऊन?"

"ओढ्यावर, काका. एक बरणी तुमच्या मळ्याच्या खालची भरायचीय."

 काकांनी पायांत चपला सरकवल्या. "थांब," ते म्हणाले, "तिथं उतार निसरडा हाय. मीच धरतो बरणी."